बुधरीला त्रास किती

२२ नोव्हेंबर २००४, एटापल्ली

सायकल दामटून दामटून पायांचे पार तुकडे पडले. आणि प्रत्येक घरी तेच — अंग बाहेर येतं, गर्भपिशवी खाली उतरते, त्याचा रोजच्या जगण्यात किती त्रास होतो? अजिबात नाही, थोडा, बराच, की फार? कुठल्या तरी मोठ्या शहरात पंख्याखाली बसून केलेला फॉर्म! बायका पदर तोंडावर घेतात आणि मी पेन धरून मख्खासारखी बसते. एक म्हणाली, "तुमचं लगन झालं का, बाई? नाई ना? मंग तुमाले काय सांगू!" बरोबरच आहे तिचं. तिकडे आमच्या सावली गावात अम्मीला अजून पत्ता नाही मी काय विचारत फिरते. तिला वाटतं, लसीकरण.

शेवटची बुधरी. गावाबाहेर एकटीच झोपडी. मराठी बरी बोलते, माझा जीव भांड्यात पडला. घरकामात त्रास? नाई. पाणी आणताना, वजन उचलताना? नाई. लोकांत मिसळताना? नाई. नवऱ्याजवळ जाताना? हसली. नाई. फक्त बसताना दुखतं म्हणाली. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त, आणि हिचे सगळ्यांत कमी. चला, एक तरी बाई सुखात निघाली!

२३ नोव्हेंबर

अंग मोडून आलंय. लिहायचा कंटाळा.

२९ नोव्हेंबर

गाढव आहे मी. गाढव!

ते बुधरीचं घर नव्हतंच. ते कुर्माघर — पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची झोपडी. आज तिची मुलगी सुकरी वाटेत भेटली. पोट चांगलंच दिसतंय तिचं. आईसाठी पेज घेऊन चालली होती. तिने सांगितलं. बुधरीची पिशवी बाहेर येते, लुगड्याला घासते, जखमेतून रक्त येतं. आणि रक्त म्हणजे कुर्मा, विटाळ, मग ते कशाचंही असो. बाकीच्या बायका चार-पाच दिवस राहून घरी जातात. बुधरी आठ वर्षं तिथेच आहे.

घरकामात त्रास नाही, कारण तिला घरच नाही! चुलीला हात लावायचा नाही, विहिरीवर जायचं नाही. नवरा, लालसू, संध्याकाळी येतो आणि कुंपणापलीकडे बसून बोलतो. एवढाच संसार.

"मंग त्रास नाई काऊन म्हटलं?" तशीच बुधरीकडे जाऊन मी चिडूनच विचारलं.

"तुमीच तं इचारलं, काम करताना तरास होते का म्हनून. मी काम करतच नाई. खोटं कशी सांगू, बाई?"

आमच्या शिबिरात ऑपरेशन होतं, ते सांगितलं. तर म्हणाली, "सुकरीच्या बाळंतपनाले मले घरी राह्यचं हाय. पोरगी पयलटकरीन हाय." येताना सायकल हातात धरून चालत आले. रडू आवरत नव्हतं.

३० नोव्हेंबर

शिबिराची यादी ठरली. ज्यांचे गुण जास्त, त्यांचं ऑपरेशन आधी. बुधरी नाही! डॉक्टर स्वातीताई म्हणाल्या, "उत्तरं बदलता येणार नाहीत, निशात. सगळा अभ्यासच खोटा ठरेल." मी म्हटलं, आत्ता खरा आहे का? आवाज चढला माझा. चढू दे.

४ डिसेंबर

स्वातीताई आल्या! माझ्या तोंडाळपणाचा कधी नव्हे तो उपयोग झाला. कुर्माघरात वाकूनच शिरावं लागतं. आत टॉर्चच्या उजेडात तपासलं त्यांनी. बाहेर येऊन कितीतरी वेळ हातच धूत होत्या. मग म्हणाल्या, "गुण राहू देत. ही पहिली."

गायत्यालाही विचारलं — गावाची पूजाअर्चा त्याच्याकडे, कुर्माचं तोच ठरवतो. "रगत थांबलं तं येऊ द्या घरी. आमचं काई म्हननं नाई." इतकं सोपं? मग आठ वर्षांत कुणी काहीच कसं केलं नाही? संताप आला. कुणावर काढायचा तेच कळेना.

१८ डिसेंबर

झालं ऑपरेशन. शुद्धीवर येताच बुधरीने विचारलं, "रगत?" लालसू वॉर्डाच्या दाराबाहेरच बसून राहिला. आत यायचं त्याला सुचेचना. शेवटी मीच दंडाला धरून आणला.

२३ जानेवारी २००५

बुधरी घरी गेली. चुलीपुढे बसली आणि मीठ कुठे ठेवतात ते सुकरीला विचारू लागली. स्वतःच्या घरात! सुकरीला हसू आवरेना. मी बाहेर जाऊन डोळे पुसले.

१९ मार्च

तीन महिन्यांनंतरचा फॉर्म भरायला गेले. बुधरी घरी नव्हती. लालसूने नुसता हात केला — गावाबाहेर. धावतच गेले.

बुधरी ठणठणीत होती. सुकरी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, शेजारी बाळ. बाळंतपण अडलं होतं. सुकरीचं अंग बाहेर आलंय, रक्त थांबत नाही.

"पण तुमी काऊन इथी?"

"मी एकटी राह्यली ना, बाई. मले मालूम हाय. पोरीले नाई ठेवत एकटी."