बेसिनखालची फळी

दादा,

बाथरूममध्ये पाय ठेवू नकोस. लाकडी जमिनीच्या खड्ड्यांत भरलेलं मिश्रण अजून ओलं आहे. वर फरशी नीट बसावी म्हणून हलणाऱ्या फळ्या स्क्रूने आवळल्या, उंचवट्यांवर रंधा मारला.

बेसिनखालची कुजलेली फळीही बदलली. तिच्यावर नुसता प्लाय ठोक, कोण बघतंय, असं तू का म्हणत होतास ते आज कळलं. घर घेणाऱ्यांना पांढरी फरशी चालेल का, असं फरशीवाल्याने मलाच विचारलं. मी मान हलवली, जणू सगळं ठाऊकच होतं.

आईच्या घराचा सौदा करताना तुला बहीण आठवली नाही. गुडघे टेकून फळ्या घासायला मात्र बरोबर आठवली.

मैत्रिणीकडे जातेय, फोन करू नकोस. काम नीट केलंय. त्या लोकांनी माझं काय घोडं मारलंय?