तीनशे बारा मशीन आणि एक ‘हो’

घाटकोपर, रविवार दुपार

प्रिय श्रुतिका,

फाडून टाकायच्या आधी एकदा वाच, बाई. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंयस, फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी बोरिवलीच्या पत्त्यावर कागदच पाठवतेय. बातमी अशी की तू जिंकलीस. काल साकीनाक्याच्या आपल्या गाळ्यात एका दिवसात शाळांसाठीच्या तीनशे बारा जुन्या कॉम्प्युटर मशीनवर आपली सिस्टिम चढली, आणि कुणी एकाही कीबोर्डला हात लावला नाही. झकास म्हणजे अगदी झकास!

दीड वर्षापूर्वी त्या इन्स्टॉलरवरून आपण किती भांडलो, आठवतंय ना? सिस्टिम चढवताना तो जे प्रश्न विचारतो, त्यांतल्या कुठल्या प्रश्नांची उत्तरं आधीच फाइलीत लिहून ठेवू द्यायची आणि कुठल्या प्रश्नासाठी माणसानं समोर बसायचं, एवढाच वाद. भाषा, कीबोर्ड, घड्याळ यांवर दोन चहांत एकमत झालं. पासवर्डवरून दोन दिवस अबोला. पण ‘या डिस्कवरचं सगळं पुसायचं का?’ या प्रश्नावर मी अडूनच बसले. तू म्हणायचीस, तेही फाइलीत लिहू दे. मी म्हणायचे, मेले तरी नाही, पुसायचं तर माणसानं वाचून ‘हो’ दाबायला हवं. तेव्हा तू हसलीस. “दर्शना, नव्वदाव्या मशीनला कोण वाचतं गं? बोट आपोआप दाबतं. यंत्र निदान दमत तरी नाही.” हे तू राजेश सरांसमोर बोललीस, म्हणून मला जास्त झोंबलं. मालकच ते, त्यांनी माझी बाजू घेतली आणि मी आठवडाभर मिरवत फिरले. तुझं म्हणणं खरं आहे का, हा विचारसुद्धा केला नाही.

मग मुलुंडच्या वाचनालयाचं ते प्रकरण झालं. नव्यानं सिस्टिम चढवायला आलेल्या मशीनांत तिथल्या ग्रंथपाल वनमालाबाईंचं स्वतःचं मशीन चुकून आलं, आणि त्यांनी चार वर्षं बसून टाइप केलेली अकरा हजार पुस्तकांची यादी एका दुपारी पुसली गेली. त्या दिवशी तुझी स्क्रिप्ट, म्हणजे सगळी उत्तरं आपोआप देणारी ती फाइल, कोपऱ्यातल्या एका मशीनवर चाचणीला लावलेली होती. सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. तुला पुरावा मागता आला असता, तू तोही मागितला नाहीस. महिन्याभरात राजीनामा देऊन मोकळी झालीस.

तू गेल्यावर तुझी निळी वही ड्रॉवरमध्ये सापडली. त्यात तू तोडगा आधीच लिहून ठेवला होतास. पुसायची परवानगी फाइलीत देता यावी, पण मोघम नाही. कोणती डिस्क, तिच्यावर छापलेला नंबर कोणता, तेही लिहायचं. नंबर यादीत नसेल तर इन्स्टॉलरनं गप्प थांबायचं. म्हणजे मशीन दारात आलं की ते ज्याचं असेल त्याला फोन करून विचारायचं, मग नंबर यादीत घालायचा. विचार एकदाच करायचा, डोकं ताजं असताना. ते वाचून मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! सहा महिने मी त्यावर खपले. सरांशी भांडले, या वेळी तुझ्या बाजूनं.

आणि कालचा दिवस उजाडला. एका फेरीला एकोणचाळीस मशीन, अशा आठ फेऱ्या. तिसऱ्या फेरीत टेबलावर चाळीस कशी झाली कोण जाणे. एकोणचाळीस धडाधड सुरू झाली आणि एक जागच्या जागी थांबलं. पडद्यावर लाल पट्टी, ‘ही डिस्क यादीत नाही. काहीही पुसलेलं नाही.’ आपले मेकॅनिक अनंतकाका चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि किंचाळलेच, “अगो बाये, ह्यां तर माझां!” पंखा साफ करायला त्यांनीच घरून आणून तिथे ठेवलं होतं. त्यांच्या वडिलांच्या दशावताराचा एकुलता एक व्हिडिओ त्यात होता. मग काय, जेवायच्या सुट्टीत सगळ्या गाळ्यानं तो बघितला. काका संवाद आधीच म्हणत होते आणि मध्येच डोळे पुसत होते. संध्याकाळी सहाला तीनशे बारावं मशीन सुरू झालं. शाळांचे टेम्पो बाहेर उभेच होते. सरांनी जिलेबी मागवली, सगळ्यांनी माझ्या नावानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, तेच आता तुला सांगतेय. वनमालाबाईंच्या मशीनला तुझी स्क्रिप्ट कधी लागलीच नव्हती. त्या दुपारी शाळांची आणि वाचनालयाची मिळून ऐंशीएक मशीन होती, आणि दर वेळी प्रश्न वाचून ‘हो’ दाबायला मी बसले होते. बाईंचं सत्तरावं-एकाहत्तरावं असेल. मी वाचलं नाही. ‘हो’ मी दाबलं, श्रुतिका. ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. बोललं तर माझा हट्ट खोटा ठरला असता, म्हणून तुझ्याकडे बोट गेलेलं बघत मी गप्प बसले. सरांनी जिलेबी खाली ठेवली आणि म्हणाले, उद्याच्या उद्या मुलुंडला जा. आज सकाळी गेले. बाईंनी मला दारातच चांगलं झाडलं, त्यांनी ती यादी पुन्हा पहिल्यापासून टाइप केलीय, साडेसात हजारांवर आल्यात. मग आत गेल्या, डायरी घेऊन आल्या आणि तुझा नंबर लिहून घेतला. त्यांना तुझी माफी मागायचीय. मलाही मागायचीय, पण माझ्या आधी त्यांचा हक्क आहे. त्यांचा फोन येईल, तो उचल. माझा उचलायचा की नाही, ते तू ठरव.

अजून म्हणू दिलंस तर, तुझीच
दर्शना