मानशीच्या दाराची पाचर

सखाराम, गेल्या पावसात तू तीन छत्र्या पेडण्याच्या बसमध्ये विसरून आलास, म्हणून आईचे शेवटचे बोलणे तुझ्या डोक्यात न ठेवता कागदावर ठेवते.

मी, पार्वती धाकू परब, वय शहात्तर, राहणार मानसवाडा, तालुका पेडणे. मधले नाव नातसून शुभांगीने घातले. नवऱ्याचे नाव मी जन्मात उच्चारलेले नाही. लिहिणारीही तीच. मला अक्षर येत नाही, पण अक्कल जागेवर आहे. कोणाच्या दाबाखाली न येता सांगते.

एक. राहते घर सखारामला. नदीकडचे जनेल पावसात फुगते. लाथ मारू नये, खालून उचलून लावावे.

दोन. तांब्याचे भाण लेक ताराला. वास्कोच्या घरात त्यात फुले ठेवू नये, पाणी तापवावे.

तीन. बांधालगतचे माझे सात माड गावच्या बांधाला. रुंदीसाठी तोडावे लागले तर तोडा. माझे नाव पुढे करून कोणी अडवू नये.

चार. हे कलम मी मरेपर्यंत थांबणार नाही. सोमवारी जुन्या बांधावर काँक्रीट पडणार आहे. सखाराम, उद्या सकाळी हे इंजिनिअरला वाचून दाखव. परवा तो मला म्हणाला, "आजी, खालचा बांध पक्का आहे, वर भिंत उभी करतो." मी म्हटले, "करा बाबा."

बांध पक्का नाही. मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, दार भरतीला आपोआप मिटते, म्हणून खारे पाणी शेतात येत नाही. चार वर्षांमागे गोव्याचे राज्य झाले, त्याआधी सलग तीन पावसाळे आमच्या घरातून त्या दारात पाचर जात होती. दार चार बोटे उघडे राही, भरतीबरोबर सुंगटे, कोळंबी, आत येत, आतल्या बाजूला आमचे जाळे. त्या धारेने दाराच्या दोन्ही अंगांची माती खालून खाल्ली. राज्य झाले त्या वर्षी पूर्वेची बाजू फुटली. तीन वर्षे गावात भात पिकले नाही. पश्चिमेलाही भगदाड पडले होते, ते झावळ्या आणि चिखल कोंबून झाकले. ते अजून तसेच आहे, दारापासून सात पावलांवर.

पाचर कोणी घातली, असे शुभांगी विचारते.

"आमच्या ह्यांनी," मी म्हटले.

"आजी, कागदावर 'हे' चालत नाही."

तर लिही गो. धाकूने. धाकू विठू परबने. आणि सुंगटे मी शिजवली.

दोष गेला बांधाचा राखणदार जयराम हरमलकरवर. खेकड्यांची बिळे बुजवली नाहीत, निजून राहिला, असे गाव म्हणाले. विहिरीवर ते पहिल्यांदा मीच म्हटले. त्याची राखण गेली, तो डिचोलीला खाणीवर गेला, आता खोकत परत आलाय. चार वर्षे त्याच्या बायकोशी, सुमंगलाशी, मी बोलले नाही, जणू गुन्हा तिचाच. जयरामला उद्या बांधावर मानाने बोलवा. कुठे खणायचे ते त्याला बरोबर कळेल.

पाच. ती पाचर भाताच्या पेटाऱ्यात तळाला आहे. ती इंजिनिअरच्या हातात द्यावी. नुसत्या म्हातारीच्या बोलण्यावर कोण भिंत थांबवतो?

सहा. जाळे जाळावे. कोणाला देऊ नये.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

पार्वती धाकू परब, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: भैरू गावडे, शेजारी
साक्षीदार: कुसुम मांद्रेकर, अंगणवाडी शिक्षिका
मानसवाडा, २ एप्रिल १९९१

अंगठा उठवल्यावर आठवले ते: जयरामला बोलवायला सखारामने रिकाम्या हाताने जाऊ नये. उकड्या तांदळाचा भात, सोलांची कढी, मुगांची उसळ, वर गरम उंडे पाव, एवढे न्यावे. डबा बसमध्ये विसरू नये. सुंगटे पाठवू नका. मानशीवरची मासळी राखणदाराची असते. त्याच्या वाट्याची आम्ही तीन पावसाळे खाल्ली.