पन्हळीचं फडकं

बोर्ली पंचतन
११ मे २०२५

चि. चंदर यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळी धडधाकट. आंबा यंदा कमीच. तुझे भावोजी रोज म्हसळ्याला बॅटरीच्या दुकानात जातात आणि सासूबाई पडवीत बसून वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करतात. तू पत्र बघून हसशील, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. कागदावर तुला माझं बोलणं तोडता येत नाही.

तुझी माणसं परवा येऊन पडवीच्या पत्र्यावर ती सोलरची चादर चिकटवून गेली. काच नाही, लोखंड नाही, नुसतं काळं कुळकुळीत पातळ काहीतरी. सासूबाई म्हणाल्या, "म्हशीचं कातडं वाळत घातलंय जनू." पण खोटं कशाला बोलू, संध्याकाळी दोन दिवे आणि पंखा लागला तेव्हा त्याच सगळ्या आळीला हाका मारून दाखवत होत्या. "माज्या चंदरनं केलंय" म्हणून.

मला मात्र तुझं ते भाषण पचलेलं नाही. शाई छापावी तशी छापतात, निम्म्या किमतीत मिळते, आणि पंचवीस वर्षं बघायला नको. अरे, ती वस्तू जन्माला येऊन दोन वर्षं झाली नाहीत, असं तूच सांगितलंस. मग पंचवीस वर्षांची खात्री कोणी करून बघितली? आपल्या शाळेवरची काचेची पॅनलं बघ. आठ वर्षं झाली, निमूट चालतात, कोणी त्यांची आरती ओवाळत नाही. आपल्याकडं खाऱ्या वाऱ्यानं दाराच्या कड्या तीन पावसाळ्यांत झिजतात. म्हणून विचारते, राग मानू नकोस.

माझ्या भावजयीला, प्राप्तीला, जूनमध्ये पाठव. तिला आई नाही, तर पहिलं बाळंतपण माझ्याकडेच. त्यात तुझ्या सोलर कंपनीचं काही चालायचं नाही.

तुझी
ताई


बोर्ली पंचतन
९ जुलै २०२५

चि. चंदर यास आशीर्वाद.

प्राप्ती बरी आहे. पाय थोडे सुजतात, पण भूक चांगली आहे. तिचं खाणंपिणं मी जातीनं बघते, तू काळजी करू नकोस.

चादरीचं लिहायला बसले आहे. पंखा आता धापा टाकतो. दोन दिव्यांपैकी एकच लागतो. पावसाळ्यात ऊन कमी, हे मला कळतं, तेवढी मी अडाणी नाही. पण चादरीच्या कडा सुटल्या आहेत आणि काळ्याची पिवळी झाली आहे. आधी एका कोपऱ्यात होती, आता हळद सांडावी तशी आत आत सरकते आहे. भावोजींनी शिडी लावून बघितलं. बोटाला पिवळं लागलं. त्यांनी ते बोट धुतलं, पुन्हा धुतलं, साबण लावून तिसऱ्यांदा धुतलं.

जेवताना म्हणाले, "चंदरला विचार, त्यात शिसं आहे का."

मी म्हटलं, सोलरमध्ये शिसं कशाला असेल? तर म्हणाले, "नसेल तर बरंच." तुला आठवत असेल, तरुणपणी ते पनवेलला जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कामावर होते. पोटात कळा यायच्या, हातात धरलेलं सुटायचं. शिशाचं नाव ते उगाच काढत नाहीत.

आणि आणखी एक. पन्हळीच्या तोंडाला आपण फडकं बांधतो ना, टाकीत पाणी गाळून पडावं म्हणून. यंदाही बांधलं आहे, भावोजींच्या जुन्या धोतराचं. ते पिवळं झालं. मी धुतलं तरी गेलं नाही. पत्र्याचा गंज असेल असं मनाशी म्हटलं. पण गंज तांबडा असतो रे.

गावात तुझी माणसं आता खालच्या आळीत सगळीकडे चादरी घालताहेत असं ऐकते. जरा दमानं घे. मला आधी उत्तर दे, मग पुढच्या घरावर माणसं चढव.

प्राप्ती म्हणते, त्यांना काही लिहू नका, गणपतीपर्यंत कामाची घाई आहे. म्हणून तिला न सांगता लिहिते आहे.

ताई


बोर्ली पंचतन
३ ऑगस्ट २०२५

चंदर,

तुझा फोन आला होता, तो मी स्पीकरवर ठेवला होता. "कडा पिवळ्या पडणं नॉर्मल आहे ताई, सेटल होतं." मग भावोजींनी शिसं विचारलं. तू म्हणालास, "अगदी नखाएवढं, भावोजी. सीलबंद असतं." आणि रेंज गेली म्हणून ठेवलास. त्यानंतर तू माझा फोन उचललेला नाहीस. नऊ वर्षांचा असताना तू माझ्या सासरी राहायला आलास तेव्हापासून मी तुला वाढवलं. तू घाबरलास की तुझी रेंज जाते.

मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, प्राप्तीचं खाणंपिणं मी जातीनं बघते? तेच सांगायचं आहे. लिहायला हात धजत नव्हता.

आपली विहीर मचूळ. नळ येतो तो एकाआड एक दिवस, तोही गढूळ. पावसाचे चार महिने आपण टाकीतलं पाणी पितो, डाळ त्यात शिजवतो. पोटुशीला तर मुद्दाम तेच द्यायचं, हलकं असतं, पचतं. सासूबाईंनी मला दिलं, मी प्राप्तीला दिलं. आल्यापासून ती दुसरं पाणी प्यायलेली नाही. रोज सकाळी मी स्वतः तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवत होते.

मुंबईचा साहेब असता तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय माहीत, इथं पत्र्यावरचं पाणी पितात. पण तू? तू याच पन्हळीखाली तोंड उघडून उभा राहायचास. सासूबाई पाठीत धपाटा घालायच्या, "फडक्यातनं पी, मेल्या." आणि चादर चिकटवायला माणसं धाडताना तुला पन्हळ आठवली नाही. मलाही आठवली नाही म्हणा. मी खाली उभी राहून त्या माणसांना चहा देत होते.

शुक्रवारी प्राप्तीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंना ते फडकंच दाखवलं. त्यांनी आधी हातमोजे घातले. मग म्हणाल्या, हे पाणी आजपासून बंद, उकळूनसुद्धा नाही, उकळल्यानं शिसं जात नाही. प्राप्तीचं रक्त मुंबईला पाठवलं आहे, पाण्याची बाटलीही. मी विचारलं, पोटातल्या बाळाला पोचतं का? बाई म्हणाल्या, "रिपोर्ट येऊ दे." हो म्हणाल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. आता रडताही येत नाही आणि झोपही लागत नाही. मला भीती वाटते, चंदर. बाळ पोटात फिरलं की प्राप्ती हसून माझा हात तिथं ठेवते, आणि माझी बोटं गार पडतात.

तिला मी एवढंच सांगितलं आहे की पाणी खराब झालं. ती वेडी नाही. काल विचारलं तिनं, "ताई, यांना ठाऊक होतं का?" मी म्हटलं, त्यालाच विचार. तिनं अजून तुला फोन लावलेला नाही. लावील तेव्हा रेंज ठेव.

भावोजींनी हातमोजे घालून चादर काढली आणि ताडपत्रीत बांधली. ती आता पडवीच्या कोपऱ्यात पडून आहे. पुरायची कुठं ते कोणी सांगत नाही. टाकीही तशीच भरलेली आहे. उपसावी तर पाणी खाली भातात जातं, आणि भाताच्या पलीकडे विहीर. झाकणावर भावोजींनी पाटा आणून ठेवला आहे. सासूबाई दिवसभर त्याच्याकडं बघत बसतात. वाटेनं जाणाऱ्यांची विचारपूस बंद झाली.

मी खालच्या आळीत घरोघर जाऊन आले. फडकं दाखवलं. गोदू तोंडावर म्हणाली, "भावाचं बरं झालेलं बघवत न्हाय व्हय गं तुला? चंदर बोलला, काय होत न्हाय." तिच्या पन्हळीचं फडकं मी वळून बघितलं, पांढरं आहे अजून. तिची चादर नवी आहे. त्या पांढऱ्यावर ती निर्धास्त आहे आणि तिची नातवंडं त्याच पन्हळीखाली तांब्ये धरतात. माझं कोणी ऐकत नाही. सगळी तुझ्या शब्दावर पाणी पितात.

कंपनीनं तुलाही अर्धंच सांगितलं असेल. तसं असेल तर तसं सांग, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. शिव्या मिळतील त्या दोघं मिळून खाऊ.

पण तू ये. गणपतीची वाट बघू नकोस. पाटा बाजूला करून मी टाकीतून तांब्या भरीन आणि प्राप्तीच्या देखत तुझ्यापुढं धरीन. पिऊ देणार नाही, हात धरीन तुझा. मला फक्त बघायचं आहे, तुझा हात पुढं येतो का. आला, तर मी आळीत जाऊन सगळ्यांची माफी मागीन. नाही आला, तर तसाच खाली गोदूच्या दारात चल आणि तुझ्या तोंडानं सांग, पाणी पिऊ नका म्हणून.

पत्र हातात पडलं की निघ, दुसऱ्या सकाळी मुलं पाणी भरतील त्याच्या आत.

तुला त्या पन्हळीखाली तांब्या धरायला शिकवलेली,
तुझी ताई