रांगेत मिळालेली शाळा

तीर्थस्वरूप म्युरिएल आत्यास लायनेलचा सादर नमस्कार. तुझा गुडघा आणि तुझे गुलाब कसे आहेत? (गुडघ्याचं खरं सांग, गुलाबांचं तू नेहमी वाढवूनच सांगतेस.)

बार्नबीसाठी निवासी शाळा शोधायला आम्ही सगळं श्रॉपशायर पालथं घातलं. पहिल्या शाळेत मुख्याध्यापकांचा कुत्रा त्याच्यावर गुरगुरला, म्हणून फिलिपाने ती बाद केली. (माणसं पारखायचं काम माझी बायको कुत्र्यांवर सोपवते. मलाही आधी तिच्या कुत्र्यानेच पसंत केलं होतं.) दुसरीकडे जेवण इतकं चविष्ट होतं की मलाच संशय आला, आमच्या वेळी कोबीत जीव उरला नाही याची खात्री करूनच वाढत. रविवारी संध्याकाळी हॅझलकोटच्या शाळेत पोचलो, तर दारात पालकांची रांग. रांग दिसली की उभं राहावं, कशाची ते विचारू नये, हे तूच मला शिकवलंस. पुढच्या बाईंशी पावसावर छान गप्पा झाल्या. दारात वसतिगृहाच्या मेट्रनबाई होत्या. त्यांनी बार्नबीचं नाव विचारलं, "नवा दिसतोस रे, चल, टोस्ट गार होतोय," म्हणाल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या. सुट्टीहून परतणाऱ्या मुलांना सोडायची रांग होती ती. आम्ही नुसते बघायला आलोय, हे मी सांगणारच होतो, पण मागे लोक खोळंबले होते. आम्ही आभार मानून गाडीत येऊन बसलो. फिलिपाला वाटलं मी बोलेन, मला वाटलं ती बोलेल.

सोमवारी धीर करून फोन लावला, तर बाई म्हणाल्या, "छान रुळलाय हो तुमचा मुलगा." एवढ्या कौतुकावर काय बोलणार? मी पुन्हा आभार मानले. पण आत्या, घर खायला उठलंय गं. फिलिपा रोज सकाळी त्याचं अंडं उकडते आणि ते मला खावं लागतं.

तुझा,
लायनेल

ता. क. आपल्या घराण्यात स्पष्ट बोलता येतं ते फक्त तुला. मेट्रनबाईंना फोन करून मुलगा परत मागशील का? मात्र त्या दुखावल्या जाऊ नयेत.

आणखी एक. पाकीट चिकटवतानाच बार्नबीचा फोन आला. म्हणाला, "बाबा, बाई फार चांगल्या आहेत. त्यांना वाईट वाटणार नसेल तर मला घरी न्याल का? मी रोज आभार मानतोय, पण निघायचं कसं तेच कळत नाही." आमचाच तो. तू फोन करू नकोस. फिलिपा केव्हाची गाडीत बसून हॉर्न वाजवतेय, आणि शेजारी खिडकीतून बघतायत तरी थांबत नाहीये.