शक्तीच्या गोळ्या

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. फोन उचलत नाही म्हणून फणकारली असशील. फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय.

खुशाली म्हणशील तर तुझे भावोजी परवापासून दवाखान्यात भरती आहेत. जुलाब थांबेनात. तोंड आतून सोललंय, पाण्याचा घोट गिळतानाही कळवळतात. तळहात तर बघवत नाहीत, लालभडक आणि भेगाळलेले. चाळीस वर्षं दुकानात चष्म्याच्या काडीतला एवढासा स्क्रू लीलया बसवणारा माणूस, काल त्यांना शर्टाचं बटण लावता येईना. मी लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे. मला काय लग्नाला जायचंय?"

इतका वैताग आलाय म्हणून सांगू! डॉक्टरीणबाईंचा आलाय, त्या पाच मिनिटांत चार पेशंट उरकतात. औषधांच्या खिडकीवरच्या मुलीचाही आलाय. पहिल्या दिवशी तिने चार पानी कागद हातात दिला आणि म्हणाली, "नीट वाचा हं, काकू." कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. ऑपरेशननंतर आतड्यात कॅन्सरचं काही उरलंसुरलं असेल तर ते मारायला. चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस थांबायचं. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. फोडायच्या नाहीत, चुरायच्या नाहीत, दुसऱ्याने उघड्या हाताने धरायच्या नाहीत. कढत पाणी नको, घट्ट चपला नकोत. मी सगळं केलं गं! हातमोजे घालून नवऱ्याला गोळ्या देत होते. शेजारीण म्हणाली, "बाई बाई, बॉम्ब आहे की काय तो?"

आणि एवढं करून आज सकाळी डॉक्टरीणबाई म्हणतात, "यांना हे औषध सोसत नाही, बंद करावं लागेल असं दिसतंय." मी विचारलं, मग दुसरं? म्हणाल्या, यांच्यासाठी याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. हे मात्र खूश. "सुटलो," म्हणाले. चार वाजता बाई पुन्हा येऊन काय ते ठरवणार आहेत.

कधीची आडवळणं घेतेय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

तू शक्तीच्या गोळ्या पाठवल्यास, बरोबर चिठ्ठी होती, 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस.' वर फोन करून विचारलंस, "ताई, विचारलंस का?" मी म्हटलं, हो, चालतील म्हणाल्या. छोटे, मी विचारलंच नव्हतं.

पहिल्या भेटीत मी कसल्याशा काढ्याचं विचारलं होतं. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "घरचे प्रयोग नकोत." माझं डोकंच फिरलं. औषध त्यांचं, कागद त्यांचा, माझ्याकडे काय, तर हातमोजे! मलाही यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. हे म्हणाले, आणखी एक गोळी दिलीस तर खिडकीतून फेकीन. मग मी तुझी शक्तीची गोळी रोज कुटून दुधात घातली. त्यांच्या नकळत, पाच आठवडे.

काल ती खिडकीवरची मुलगी पलंगापाशी आली. "आणखी काही घेतात का? फॉलिक ॲसिड असलेलं वगैरे? त्याने या औषधाचा त्रास वाढतो." हे म्हणाले, "छे." त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! तिने माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, छे.

संध्याकाळी घरी जाऊन तुझी डबी पाहिली. फॉलिक ॲसिड, दुसऱ्याच ओळीत. तो चार पानी कागदही काढला. त्यातही लिहिलंय, तिसऱ्या पानावर. तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं. तुझी काही चूक नाही, हे तुला आधी कळायला हवं. सगळं माझ्या आगाऊपणाने झालं.

गप्प बसले तर यांचं औषध जाईल. बोलले तर हे माझं तोंड बघणार नाहीत. चाराला दहा कमी आहेत. मला भयंकर भीती वाटतेय.

साडेचार. सांगितलं, यांच्यासमोरच. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आधी हे सगळं बरं होऊ दे, मग कमी डोसने पुन्हा सुरू करून बघता येईल. यांची तयारी हवी मात्र." हे बाईंना म्हणाले, "हिला बाहेर पाठवा, मग बोलतो."

मी बाहेर बाकावर बसले. दहा मिनिटांनी बाई आल्या. म्हणाल्या, "तयार आहेत. पुन्हा घेईन म्हणतात."

मला रडूच फुटलं. बाई जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "एक सांगायला सांगितलंय त्यांनी. बोटं चालत नसतील तर गोळ्यांचं पाकीट दातांनी फोडीन, पण यापुढे हिच्या हातून काही घेणार नाही."

अजून बाहेरच बसलेय.

तुझ्याशीही खोटं बोललेली,
ताई