छाती पास, रक्त नापास

२ फेब्रुवारी १९८१, भंडारा

एकशे बारा छात्या मोजल्या! फौजेच्या भरतीचा पहिला दिवस. वजन भरावं म्हणून पोरं डझनभर केळी आणि लोटाभर पाणी पोटात ढकलून येतात. एकाने ते सगळं माझ्या बुटांवर परत केलं. वजन पुन्हा कमी भरलं — नापास.

कर्नलसाहेबांनी मला डॉक्टर म्हणून मुद्दाम मागून घेतलंय. ‘तुम इधर के हो, बोली समझते हो.’ तोच तर घोटाळा आहे! आमच्या गावी, कोंढ्यात, बाबांनी चौकात जाहीर करून टाकलं म्हणे — ‘माहाच पोरगा तपासून राहिला, माह्यं नाव सांगजा!’ आज सतरा जणांनी सांगितलं. त्यातले तीन जण बाबांना ‘श्यामराव’ऐवजी ‘शामलाल’ म्हणत होते.

३ फेब्रुवारी

एका पोराच्या छातीत खरखर. क्षय असावा. मी फक्त ‘अनफिट’ लिहायचं. कारण उमेदवाराला सांगायचं नाही, ते गोपनीय! म्हणजे त्याच्या फुप्फुसात काय आहे हे सरकारला कळणार, त्याला नाही. गुपचूप सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. हवालदार बाबुलालने ती पाहिली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी कर्नलसाहेबांकडे पोचली.

‘कॅप्टन, दवाखाना खोला है क्या? तुम्हारा मरीज फौज है, ये लड़के नहीं!’

‘यस सर’ म्हणालो. सहा वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द चांगले पाठ झालेत.

४ फेब्रुवारी

रांगेत धनीराम! आसगावच्या मावशीचा धाकटा. येणार हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. छाती झकास, धावण्यात दुसरा. पण डोळे पिवळसर, आणि पोट चाचपलं तर डाव्या बरगडीखाली वाढलेली पानथरी हाताला लागली.

‘हातपाय दुखतात का?’

‘नाई जी, कदीच नाई.’

मला ‘जी’ म्हणाला, आणि वर खोटंही! थंडी पडली की हा खाटेवर कण्हत पडायचा, मावशी विटा तापवून त्याचे पाय शेकायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

बोट टोचून थेंबभर रक्त घेतलं, काचेवर झाकून ठेवलं. दोन तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. सिकलसेल — घराण्यात उतरणारा रक्ताचा आजार. आपल्याकडे कितीतरी घरांत आहे, नाव मात्र कोणाला ठाऊक नाही. अशा माणसाला उंच डोंगरावर पाठवलं तर विरळ हवेत पानथरी मरते, कधीकधी माणूसही.

‘अनफिट’ लिहिलं. कारणही त्याला सांगून टाकलं — नियम गेला खड्ड्यात. तो शर्ट हातात घेऊन तसाच उघडा चालत गेला.

५ फेब्रुवारी

बायजामावशी आली. आई गेल्यावर हिनेच मला भरवलं, न्हाऊ घातलं. आज बसली सुद्धा नाही.

‘धानाच्या रोवणीत कोणाच्या मागं नाई रायत माहा पोरगा! अन् तुले त्याचं रगत खराब दिसते?’

‘मावशी, डोंगरावर मरंल तो.’

‘अन् इथं जगून कोणतं राज्य करून राहिला? तुया नोकरीनं तुया घरावर नवे कवेलू चढले. माह्या पोराची पाळी आली तं तुले काच दिसली!’

फार वाईट वाटलं. बरोबर मी आहे, तरी चोरासारखा उभा होतो.

७ फेब्रुवारी

चमत्कार! साठ जवान हवे होते, एकेचाळीसच मिळाले. तेव्हा आज सकाळी अख्ख्या जिल्ह्याच्या छात्या आपोआप वाढल्या. सपाट तळव्यांना कमान आली. मंगळवारी तिरळे असलेले डोळे शनिवारी सरळ. सह्या माझ्याच. छाती दोन बोटं कमी म्हणून कोणी मरत नाही, अशी मनाची समजूत घातली.

शेवटी धनीरामचा कागद पुढे आला.

‘खून की यह जाँच किताब में है?’

‘नाही, सर. पण उंच डोंगरावर हा मरेल.’

‘तो बीमारी भी नहीं है. साइन करो.’

‘नो सर.’

सहा वर्षांत पहिल्यांदाच म्हणालो! बाबुलालच्या हातून छाती मोजायची फीत पडली. कर्नलसाहेब मात्र हसले. ‘पहाड़ से बहुत डरते हो, कॅप्टन. जाओ, देख के आओ.’

साठच्या जागी एकोणसाठ गेले.

१० फेब्रुवारी

हुकूम आला. बदली — लेह. बाबा म्हणाले, ‘मोठ्या जागी पाठवून राहिले तुले!’ आणि मग हळूच — मावशीने निरोप धाडलाय, माझ्या दारात येऊ नको म्हणून.

११ फेब्रुवारी

आई आणि मावशी सख्ख्या बहिणी. डॉक्टरला हे सुचायला आठवडा लागला! आज स्वतःचं बोट टोचलं. दोन तासांनी पाहिलं. वाकल्या. मला कधी काही दुखलं नाही, म्हणजे माझ्यात आईकडून आलेलं अर्धंच असेल. पण त्या उंचीवर जीव घ्यायला कधीकधी अर्धंही पुरतं.

लेहला जाण्याआधीचा तब्येतीचा फॉर्म भरायचा होता. या तुकडीत डॉक्टर मी एकटाच. काच धुतली, पुसली आणि लिहिलं — फिट.